फ्रान्समधील शेतवाटा आणि सायकलस्वारांची वहिवाट

रस्त्यावर मोटार धांवूं लागली तेव्हांपासून सायकलस्वार हा रस्त्याच्या कडेचा प्रवासी झाला. फ्रान्स देश सायकलींच्या शर्यतींबद्दल जगप्रसिद्ध. परंतु तेथेंही डांबरी सडकेवर मोटारींच्या रांगेंतून अंग चोरून जाणें पुष्कळांस नकोसें झालें आहे. त्यामुळें अलीकडील वर्षांत तेथें एक निराळी रीत वाढीस लागली आहे. सडक सोडून द्यावी, आणि शेतकऱ्यांचीं वाहनें ज्या खडीच्या, मुरमाच्या अथवा नुसत्या मातीच्या वाटांनीं जातात त्या वाटांनीं गांवोगांव हिंडावें. या रितीस ‘ग्रॅव्हल’ असें नांव आहे. रीत अमेरिकेंतील कॅन्सस वगैरे प्रांतांतून आली व शब्दही इंग्रजी; पण इंग्रजींत तो मुळांत जुन्या फ्रेंच भाषेंतूनच गेलेला, तेव्हां लेक सासरचीं लुगडीं नेसून माहेरीं आली इतकेंच म्हणावयाचें. या कामाच्या सायकलीचें टायर सडकेवरील शर्यतीच्या टायरहून बरेंच रुंद, म्हणजे सुमारें ४० ते ५० मिलिमीटरचें असतें व त्यांत हवा कमी भरतात, म्हणजे खडीचे धक्के हाताला कमी बसतात.

कृषीवलांच्या मासिकांत सायकलींचें काय काम, असें कोणी विचारील. काम आहे तें वाटेचें. ज्याची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली आहे, त्यास शेतांतील वाट हा विषय किती भांडणांचें मूळ आहे हें सांगावयास नको. फ्रान्सच्या खेड्यांत त्या भांडणांत सायकलस्वार हा एक नवा साक्षीदार येऊन उभा राहिला आहे.

मोटारींचा उपद्रव नाहीं अशा सर्वच वाटा तेथें एका जातीच्या नाहींत. ब्रिटनी प्रांतांत नांत शहरापासून ब्रेस्ट बंदरापर्यंत सुमारें ३६० किलोमीटर लांबीचा कालवा आहे. इंग्रजांच्या आरमारानें समुद्र अडविला तरी बंदरांस रसद पोंचावी म्हणून नेपोलियनच्या काळांत त्याचें काम हातीं घेतलें व १८४२ मध्यें तें पुरें झालें. नावा ओढणारे घोडे ज्या कांठावरून चालत, तो कांठ आतां दाबलेल्या वाळूचा करून सायकलींस मोकळा ठेवला आहे. बर्गंडींत जिव्री ते क्लूनीपर्यंत बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावर अशीच वाट १९९७ मध्यें झाली. तिच्यावर मात्र डांबर आहे. या वाटा सरकारी खर्चाच्या व पाट्या लावलेल्या आहेत. त्यांविषयीं तंटा नाहीं, म्हणून अधिक लिहीत नाहीं.

खऱ्या मौजेची व खऱ्या तंट्याची वाट ती ‘शमँ रुराल’, म्हणजे ग्रामीण वाट. तिचा कायदा मोठा मासलेवाईक आहे. तेथें सुमारें ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी, परंतु मोठ्या शहरांतही असणारी संस्था. १९५९ च्या हुकुमानें कम्यूनच्या रस्त्यांची वांटणी झाली. मुख्य रस्ते सार्वजनिक मालमत्तेंत गेले. ते वहिवाटीनें कोणास घेतां येत नाहींत व त्यांची दुरुस्ती करणें कम्यूनवर सक्तीचें आहे. शेतवाटा मात्र कम्यूनच्या खाजगी मालमत्तेंत राहिल्या. त्या लोकांच्या वापरासाठीं खुल्या आहेत, पण त्यांची दुरुस्ती सक्तीची नाहीं. सक्ती नाहीं म्हणून खर्च नाहीं, खर्च नाहीं म्हणून डांबर नाहीं, आणि डांबर नाहीं म्हणून मोटारही सहसा तिकडे वळत नाहीं. कायद्यानें मोटारीस बंदी नसते (ती घालावयाची तर मेयरनें तसा हुकूम काढावा लागतो), तरी खांचखळगे तें काम फुकट करितात. सायकलस्वार ज्या निवांतपणासाठीं तेथें जातो, तो अशा रीतीनें कम्यूनच्या काटकसरींतून निघाला आहे.

पण खाजगी मालमत्ता म्हटली कीं दुसरी बाजू येते. लगतच्या शेतकऱ्यानें अशी वाट आपल्या शेतांत मिळवून तीस वर्षें उघडपणें व कोणाच्या हरकतीवांचून कसली, तर ती त्याच्या मालकीची होऊं शकते. वाट नांगरण्यास नियमांत स्पष्ट मनाई आहे आणि अडथळा तांतडीनें दूर करणें हें मेयरचें कर्तव्य आहे. परंतु लहान खेड्यांत मेयर आणि नांगरणारा हे पुष्कळदां एकमेकांचे शेजारी असतात, व शेजाऱ्यास नोटीस देणें कोणत्याही देशांत सोपें नाहीं. शिवाय वाट लोकांच्या वापरांतून गेली असें ठरलें, तर जाहीर चौकशी करून कम्यून ती विकूंही शकते. खरेदीबद्दल प्रथम लगतच्या जमीनवाल्यांस विचारावें लागतें.

वाटा वापरांतून कां गेल्या, याचें कारण शेतकऱ्यास कळण्यासारखें आहे. ९ मार्च १९४१ च्या कायद्यान्वयें, आणि विशेषतः महायुद्धानंतरच्या तीन दशकांत, फ्रान्समध्यें तुकडेजोडीचें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें. दहा ठिकाणचे तुकडे एका जागीं आले, ट्रॅक्टरला लांब तास मिळाले, आणि मधल्या वाटांचें प्रयोजन संपलें. ब्रिटनी व नॉर्मंडींत दोहों बाजूंस बांध व कुंपणाचीं झाडें असलेल्या खोल वाटा होत्या, अगदीं आपल्या पाणंदीसारख्या. त्यांतील पुष्कळ बांधांसकट सपाट झाल्या. त्या वेळच्या शेतकऱ्यास दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. तुकड्यांची शेती ज्यानें केली आहे तो तो देणार नाहीं. मात्र बांध गेल्यावर पावसाचें पाणी व माती यांना कोण अडविणार, हा प्रश्न तेथें मागाहून उभा राहिला, आणि कित्येक ठिकाणीं आतां पुन्हां झाडांचीं कुंपणें लावण्यांत येत आहेत.

आतां सायकलस्वाराकडे येऊं. फ्रेंच कायदा असें गृहीत धरतो कीं, ज्या वाटेनें लोकांची ये-जा चालू आहे, अथवा जिची कम्यून वेळोवेळीं देखरेख किंवा दुरुस्ती करिते, ती वाट लोकांच्या वापराची आहे. आणि लोकांच्या वापराची वाट, उलट पुरावा येईपर्यंत, कम्यूनची समजतात. गाडीबैल गेले, पायीं बाजारास जाणारेही गेले; तेव्हां ये-जा करावयाची कोणी? फिरायला निघालेला पादचारी, घोडेस्वार आणि हा सायकलवाला. एका दहा-बारा फुटी पट्टीवर दोन वहिवाटी समोरासमोर उभ्या आहेत, एक नांगराची व दुसरी चाकाची. दर रविवारीं मौजेखातर जाणाऱ्या माणसाच्या चाकोरीला दप्तरी पुराव्याचें मोल यावें, हें मला या सर्व प्रकरणांतील विशेष वाटलें.

त्या चाकोरीचा नकाशाशीं मेळ बसला पाहिजे. १८०७ च्या कायद्यानें नेपोलियननें देशभर मोजणी सुरू केली. तिच्या पुढच्या पिढीचे नकाशे आज कोणासही संगणकावर फुकट पाहतां येतात. ग्रामीण वाटेस त्यांत सहसा गट क्रमांक नसतो. दोन रेषांमधील ती कोरी जागा असते. आपल्या गांवनकाशांतील दुहेरी तुटक रेषांची गाडीवाट ज्यानें पाहिली आहे त्यास ही खूण ओळखीची वाटेल. पण जमिनीवर तशीच दिसणारी दुसरीही एक वाट असते. ती जमीनवाल्यांची सामाईक वहिवाटीची, आणि ती बाहेरच्यांस बंद करण्याचा त्यांस अधिकार आहे. सायकलवर बसून हा भेद कळत नाहीं. कित्येक कटकटी येथेंच होतात.

शेतकऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहींत. मेंढ्यांचें फाटक उघडें टाकून जाणारा शंभरांत एक असला तरी मेंढ्या बाहेर पडावयास तो पुरे. द्राक्षांच्या तोडीच्या दिवसांत अरुंद वाटेवर ट्रॅक्टर समोर आला, तर बाजूस कोणी व्हावें याबद्दल माझ्या मनांत तरी शंका नाहीं. पिरेनीज पर्वताकडे कळपाबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. तेथें सायकलवरून उतरून संथपणें चालत जावें असें सांगतात. शरद ऋतूपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम, म्हणून भडक रंगाचे कपडे घालणें शहाणपणाचें. दुसऱ्या पक्षीं, हा पाहुणा शेतावरच्या घरीं मुक्काम करितो, चीज व मध विकत घेतो, आणि धूळ फारशी उडवीत नाहीं.

ब्रिटनींत अशा शेतवाटेस ‘रिबिन’ म्हणतात. लानिलिस गांवीं ‘त्रो ब्रो लेओं’ नांवाची शर्यत १९८४ मध्यें जां-पोल मेलुए यांनीं सुरू केली. ब्रेटन भाषेच्या ‘दिवान’ शाळांस पैसा मिळावा हा तिचा मूळ हेतु होता. धंदेवाईक शर्यतपटूंस शेतवाटांवरून जावें लागतें, आणि पहिल्या येणाऱ्या ब्रेटन स्वारास बक्षीस म्हणून डुकराचें जिवंत पिलूं देतात! जुनी व नामांकित पॅरिस–तूर शर्यतही २०१८ पासून द्राक्षमळ्यांच्या वाटांत शिरली. कित्येक स्वारांनीं पंक्चरांबद्दल कुरकुर केली ती वेगळी.

कायद्यासही अलीकडे जाग आली आहे. १९८३ पासून जिल्ह्यांनीं फिरण्याच्या वाटांची यादी करावयाची असते. यादींतली वाट कम्यूननें विकली आणि तिच्याऐवजीं योग्य दुसरी वाट दिली नाहीं, तर ती विक्री रद्द ठरते. २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्यानें वाटेची अदलाबदल करण्यास परवानगी मिळाली, मात्र मार्ग अखंड राहिला पाहिजे. त्याच कायद्यान्वयें कम्यूननें आपल्या सर्व वाटांची मोजदाद करण्याचा ठराव केला, तर काम चालू असेपर्यंत, जास्तींत जास्त दोन वर्षें, नांगरणाराचीं तीस वर्षें मोजणें थांबतें. ठराव करावयाचा कीं नाहीं, हें त्या त्या कम्यूनच्या सभेवर सोंपविलेलें आहे.