माळावरचे गाव कडवंची

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे रस्त्यांच्या संगमाचे ठिकाण. जालन्याहून मंठामार्गे येणारा रस्ता येथून पुढे जिंतूरकडे जातो आणि येथेच एक वाट दक्षिणेस सेलूकडे फुटते. रस्ता फुटतो तो फाटा, हा शब्द मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. या फाट्याच्या परिसरात शेतीच्याही दोन वाटा दिसतात. दक्षिणेच्या अंगाला दुधना नदीचे खोरे आहे. सेलू तालुक्यातच ब्रह्मवाकडी येथे निम्न दुधना प्रकल्पाचे धरण उभे राहिले असून त्याच्या कालव्यांवर खालच्या काळ्या जमिनीची भिस्त आहे. उत्तरेस आणि ईशान्येस मात्र अजिंठा डोंगररांगेचे फाटे जिंतूर तालुक्यात उतरलेले आहेत. तेथील जमीन चढ-उताराची, मुरमाड आणि उथळ.

कालव्याचे पाणी उताराने वाहते. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांना धरण कितीही मोठे झाले तरी ते पाणी सहजी मिळत नाही. मराठवाड्याच्या पठारावरील अशा गावांची संख्या लहान नाही. त्यांनी काय करावे, हा प्रश्न १९७२ च्या दुष्काळापासून वारंवार विचारला गेला आहे. त्याचे एक उत्तर देवगाव फाट्यावरून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यानेच गेल्यावर सापडते. हे उत्तर म्हणजे जालना तालुक्यातील कडवंची हे गाव होय.

जमीन आणि पाऊस

जालन्याकडे जावे तसतशी जमीन चढत जाते. जालना शहराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. सगळा प्रदेश लाव्ह्याच्या थरांपासून बनलेल्या काळ्या खडकाचा. नदीकाठी या खडकाची झीज होऊन खोल काळी माती साचली, तर उंच भागावरची माती पावसाबरोबर वाहून गेली. त्यामुळे माळावर वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कठीण खडक अशी स्थिती आढळते. कडवंचीचे शिवार याच प्रकारचे आहे. टेकड्या, उतार, ओघळी आणि नाले यांनी ते व्यापलेले आहे.

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा अगदीच लहान नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी सत्तर लाख लिटर पाणी. कडवंचीचे पाणलोट क्षेत्र १,८८८ हेक्टर आहे. म्हणजे सरासरीच्या वर्षी या क्षेत्रावर सुमारे १ कोटी ३२ लाख घनमीटर पाणी आकाशातून येते. परंतु हा पाऊस थोड्या दिवसांत आणि जोरदार सरींच्या रूपाने पडतो. उघड्या उतारावर तो थांबत नाही. जाताना सोबत माती नेतो आणि मागे राहतो तो उघडा मुरूम. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस ही पिके पावसाच्या भरवशावर घ्यावयाची आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावयाची, हा अशा गावांचा नित्यक्रम होता.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

कडवंचीच्या परिवर्तनास प्रारंभ झाला तो इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. महाराष्ट्रात या कार्यक्रमाची पायाभरणी करण्यात फादर हर्मन बाकर यांचा मोठा वाटा होता. जर्मनीचे अर्थसाहाय्य, नाबार्डची देखरेख, स्वयंसेवी संस्थांचे मार्गदर्शन आणि ग्रामस्थांचा प्रत्यक्ष सहभाग ही त्याची चौकट होती. कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात हे काम झाले. मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने त्याची जबाबदारी उचलली आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन गावाला लाभले.

या कार्यक्रमाच्या अटी सोप्या नव्हत्या. गावाने श्रमदान करावयाचे, टेकड्यांवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावयाची, ग्रामसभेने पाणलोट समिती निवडावयाची आणि प्रत्येक गटाच्या कामाचा आराखडा त्या गटाच्या मालकासमवेत, त्याच्याच बांधावर उभे राहून ठरवावयाचा, असा दंडक होता. ही शेवटची अट वरकरणी किरकोळ वाटते. पण बांध कोठे घालावा, सांडीचे पाणी कोणाच्या शेतातून काढावे, या प्रश्नांवरून खेड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे तंटे चालतात. आराखड्यास शेतकऱ्याची संमती आधीच मिळालेली असली की घातलेला बांध मोडला जात नाही.

कामाचा क्रमही ठरलेला होता. प्रथम माथा, मग उतार आणि शेवटी नाला. टेकड्यांवर सलग समतल चर खोदण्यात आले व त्यांच्या कडेने झाडे आणि गवत वाढू देण्यात आले. शेतजमिनीवर बांधबंदिस्ती झाली, जादा पाणी माती न नेता बाहेर पडावे म्हणून सांड्या ठेवण्यात आल्या. ओघळींत लहान लहान अडथळे आणि नाल्यावर बंधारे बांधण्यात आले. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी नाल्यात बंधारा बांधला, तर वरून येणाऱ्या गाळाने तो काही पावसाळ्यांत भरून जातो. माथ्यावरचे काम डोळ्यांत भरत नाही आणि त्याचे उद्‌घाटनही होत नाही. तथापि बंधाऱ्याचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

अडविलेले पाणी माती आणि मुरमातून झिरपून खडकाच्या कुजलेल्या थरात व भेगांत साठते. हा साठा फार मोठा नसतो. काळ्या खडकाच्या अशा थरात साधारणतः शेकडा एक ते तीन इतकीच जागा पाण्याला मिळते. तरीही हा साठा साऱ्या शिवाराखाली पसरलेला असल्याने विहिरींची पातळी वाढली आणि रब्बीचे पीक हाती येऊ लागले.

द्राक्षबागांचा उदय

पाणी आल्यावर पीक बदलले. कडवंचीच्या शेतकऱ्यांनी द्राक्ष निवडले. निचरा होणारी हलकी जमीन द्राक्षाला मानवते. जी मुरमाड जमीन ज्वारीला उणी पडत होती, तीच बागेला उपयोगी ठरली. ठिबक सिंचनाने थोड्या पाण्यात मोठे क्षेत्र भिजू लागले. कृषी विज्ञान केंद्रातील मासिक चर्चासत्रांतून छाटणी, रोगनियंत्रण आणि खत-पाण्याचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. एकाची बाग पाहून दुसऱ्याने लावली आणि शेजारच्या गावांनीही तोच मार्ग धरला. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांशी जोडले गेलेले हे पीक अशा रीतीने मराठवाड्याच्या कोरडवाहू माळावर स्थिरावले. बागेला वर्षभर हात लागतात, त्यामुळे मजुरीसाठी गाव सोडण्याची गरज कमी झाली.

गावाची खरी कसोटी लागली ती २०१२ साली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात पावसाने पाठ फिरविली आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या. कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र तग धरून राहिल्या. तेव्हापासून गावोगावचे शेतकरी आणि अधिकारी कडवंची पाहण्यास येऊ लागले. पाहुण्यांचे लक्ष सर्वप्रथम वेधून घेतात ती तेथील शेततळी. माळावर जागोजागी दिसणारी, प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली ही शेकडो शेततळी आज गावाची ओळख बनली आहेत.

साठा आणि उगम

येथेच थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. कडवंचीहून परतणारा शेतकरी बहुधा शेततळ्याचे चित्र मनात घेऊन जातो. टेकडीवरचे चर आणि शेतातले बांध त्याच्या ध्यानात राहतातच असे नाही. वास्तविक अस्तर लावलेले शेततळे पाणी निर्माण करीत नाही आणि जमिनीत मुरवीतही नाही. ते केवळ साठवते. हे पाणी बहुतांशी विहिरीतून उपसून तळ्यात भरलेले असते. म्हणजे शिवारातील सर्वांच्या विहिरींना आधार देणाऱ्या साठ्यातून ते काढले जाते आणि एका शेतकऱ्याच्या कुंपणाआड जाऊन बसते.

हिशेब करून पाहू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. द्राक्षवेलीची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि त्यानंतरच्या ऐन उन्हाळ्यात वेलीला पाणी मिळालेच पाहिजे, कारण पुढील हंगामाचा घड त्याच काळात काडीत आकार घेतो. या दोन-अडीच महिन्यांसाठी शेततळे म्हणजे बागेचे प्राण होत. यात शंका नाही. पण उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत तीन मीटरपैकी जवळजवळ एक मीटर पाणी वाफ होऊन जाते. जमिनीखाली राहिलेल्या पाण्याची अशी वाफ होत नाही.

एका गावात दहा शेततळी असली तर ती दहा शेतकऱ्यांची सोय ठरते. तीच शेकडोंनी झाली आणि पावसाळा संपताच सर्वांचे पंप एकाच वेळी सुरू झाले, तर हिवाळ्यातच विहिरींची पातळी खाली जाते. ज्याच्याकडे तळे बांधण्याइतकी जमीन अथवा भांडवल नाही, त्याच्या हरभऱ्याला आणि ज्वारीला पाणी कमी पडते. तो कूपनलिका घेतो. ती आटली की आणखी खोल जातो. जालना परिसरातील शेततळ्यांच्या वाढत्या संख्येबाबत अभ्यासकांनी हीच चिंता व्यक्त केली आहे. श्रमदानाने आणि साऱ्या गावाच्या चराईबंदीने मुरलेले पाणी थोड्यांच्या मालकीचे होऊ नये, हा कडवंचीसारख्या प्रत्येक यशस्वी गावापुढील आजचा प्रश्न आहे.

गावाचा ताळेबंद

या प्रश्नाची उत्तरे महाराष्ट्राच्या अनुभवातच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव कडवंचीपेक्षाही कमी पावसाच्या प्रदेशातील आहे. तेथे पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी व जनावरांसाठी किती राखून ठेवावयाचा आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची कोणती पिके घ्यावयाची, याचा निर्णय गाव एकत्र बसून करते. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा आणि अधिक पाणी पिणारी पिके टाळण्याचा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आहे.

शासनानेही या दिशेने पावले टाकली आहेत. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने साठ मीटर अथवा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालना आणि परभणी या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश असून, गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद तयार करणे हा त्याच्या नियोजनाचा भाग आहे. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने कोरडवाहू शेतीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कार केला आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या पिकांसाठी ती उपयुक्त असून तिच्यामुळे पावसाचे पाणी शेतातच मुरते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते. बाग लावण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्यालाही ही पद्धत अवलंबिता येते, हे तिचे महत्त्व.

कायदा आणि योजना यांना मर्यादा आहेत. प्रत्येक विहिरीवर पहारा बसविता येत नाही. ज्या ग्रामसभेने चराईबंदीचा ठराव केला आणि पाळला, तीच ग्रामसभा उपशाचाही ठराव करू शकते. तळी किती असावीत, ती कोणत्या महिन्यात आणि कोठल्या पाण्याने भरावीत, बागेखालील क्षेत्र कोठवर वाढवावे, हे तिने ठरवावयाचे आहे. पाणी अडविताना जी एकजूट लागली, तिच्याहून अधिक एकजूट ते वाटून घेताना लागते.

देवगाव फाट्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावरच्या गावांनी कडवंचीला अवश्य जावे. तेथील द्राक्षांचे मांडव पाहावेत, शेततळीही पाहावीत. परंतु परतण्यापूर्वी टेकडीवर चढून गवताने झाकलेले ते जुने चर पाहण्यास विसरू नये. गावाच्या समृद्धीचा उगम तेथे आहे. कालव्याची वाट न पाहता माळावरचे गाव आपल्या पायांवर उभे राहू शकते, हे कडवंचीने दाखवून दिले आहे. ते उभे कसे राहावे, हे त्या चरांत वाचता येते. आणि उभे राहिलेले गाव टिकावे कसे, याचे उत्तर सर्वांच्या विहिरींतील पाण्याच्या पातळीवर दरवर्षी मोजावे लागणार आहे.