पन्नाशीनंतर हाती आलेले रंग

समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यात पऱ्हाटीच्या ओळीतून कापूस वेचणाऱ्या बाईला क्लेमेंटाइन हंटरची चित्रं समजावून सांगावी लागणार नाहीत. अमेरिकेत लुइझियानातल्या मेलरोज मळ्यावर ही कृष्णवर्णीय मजूर बाई वेचणीत आणि मग मालकांच्या स्वयंपाकघरात राबली. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९४०च्या आसपास, पन्नाशी उलटल्यावर, पाहुण्या चित्रकर्तीने मागे टाकलेले रंग तिने उचलले आणि खिडकीच्या जुन्या पडद्यावर चित्र काढलं. पुढे पुठ्ठा, बाटली, हाती येईल ते चाललं. वेचणी, धुणं, लग्न, मयत असं मळ्यावरचं सगळं जगणं त्यात आलं. स्वतःलाही तिने रंगवलं. माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, रंग मात्र भडक आणि बेधडक. सही म्हणजे उलटा ‘सी’ आणि त्याला बिलगलेला ‘एच’. कापूस वेचण्यापेक्षा चित्र काढणं अवघड, असं ती म्हणे, आणि हे म्हणण्याचा अधिकार तिच्याइतका कुणाचा? १९५५ मध्ये नॅकिटोशच्या कॉलेजात तिचं प्रदर्शन भरलं, पण वर्णभेदामुळे गोऱ्या प्रेक्षकांबरोबर तिलाच आत जाता येईना. त्याच संस्थेने १९८६ मध्ये तिला मानद डॉक्टरेट दिली. १ जानेवारी १९८८ रोजी, शंभरी ओलांडून, ती गेली.