भूस्तरछेदाची रेषा संगणकीय नकाशावर कशी घ्यावी

नवी विहीर खणण्यापूर्वी शेजारच्या विहिरींतील मुरूम व खडक पाहून अंदाज बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. भूस्तरछेद म्हणजे हाच अंदाज रेषेवर मांडणे होय. पुलगावजवळील वर्धा नदीच्या काठापासून देवळीच्या बाजूस रेषा ओढली, तर तिच्याखाली काठचा गाळ, माती, मुरूम, सच्छिद्र बेसाल्ट व कठीण काळा पाषाण कोणत्या खोलीवर आहेत हे छेदात दिसते. पाणी मुख्यतः मुरमात, सच्छिद्र थरात व भेगांत साठते. ही जागा चुकली तर शेतकऱ्याने कर्ज काढून खणलेली विहीर कोरडी राहते. म्हणून कागदावरील छेदरेषा संगणकावर घेताना निष्काळजीपणा करू नये.

प्रथम नकाशाची प्रतिमा क्यूजीआयएस या विनामूल्य प्रणालीत घेऊन अक्षांश-रेखांशांचे निदान चार छेदनबिंदू जुळवावे. ते बिंदू नकाशाच्या चारी कोपऱ्यांकडे पसरलेले असावेत. जुने सर्वेक्षण-नकाशे एव्हरेस्ट गणनेवर, तर मोबाईलवरील स्थाननोंद डब्ल्यूजीएस ८४ वर असते. दोहोंची सरमिसळ झाल्यास विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसू लागते. मीटरमधील मोजणीसाठी वर्धा जिल्हा यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात येतो. पलीकडील अमरावती शहर मात्र ४३ व्या पट्ट्यात आहे. एकदा सवयीने मी ४३ निवडला आणि देवळीची रेषा वलसाडपलीकडे अरबी समुद्रात जाऊन पडली! एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. लहान चूक दिसत नाही, तीच घातक.

यानंतर रेषेचा नवा स्तर करून 'अ' टोकापासून प्रत्येक वळण टिपत 'ब' टोकापर्यंत जावे. छेदाची डावी बाजू म्हणजेच 'अ' हे विसरू नये, अन्यथा नदी उलट्या बाजूस येते. रेषेबाहेरील विहिरीपासून रेषेवर लंब टाकून तिचे 'अ' पासूनचे अंतर घ्यावे. अर्ध्या किलोमीटरपेक्षा दूरची विहीर शक्यतो घेऊ नये, असे माझे मत आहे.

खोलीची नोंद कठड्यापासून न घेता जमिनीपासून घ्यावी आणि ती जमिनीच्या उंचीतून वजा करावी. समजा, दोन विहिरींत सच्छिद्र खडक १२ मीटरवरच लागला. परंतु एकीची जमीन समुद्रसपाटीपासून २७० मीटर व दुसरीची २५८ मीटर उंच आहे. मग खडकाची उंची अनुक्रमे २५८ व २४६ मीटर येते. केवळ खोली सारखी म्हणून थर एकच मानू नये. दोन लाव्हाप्रवाहांमधील लाल मातीचा पातळ थर कोठे आढळल्यास तो अवश्य नोंदवावा. थर जुळविण्यास तो फार उपयोगी पडतो.

आडवे प्रमाण १:५०,००० व उभे १:५०० घेतल्यास उंची शंभरपट ताणली जाते आणि सपाट थरही डोंगरउतारासारखा दिसतो. हे प्रमाण छेदाखाली लिहावे.

नोंदी गोळा करताना गावकरी पाण्याच्या विहिरी आपण होऊन दाखवितात. बुजविलेल्या व कोरड्या विहिरींची चौकशी मात्र कृषि सहायकाने मुद्दाम करावी आणि त्याही छेदावर घ्याव्यात.