शपथ, टाळ्या आणि व्यसनमुक्ती

बुलढाणा जिल्ह्यात जानेवारी हा व्याख्यानांचा हंगाम असतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंच्या जन्मोत्सवाला राज्यभरातून लोक लोटतात, तोच दिवस महाविद्यालयांत राष्ट्रीय युवा दिन म्हणून साजरा होतो, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात याच सुमारास विवेकानंद जयंतीचा उत्सव भरतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे खेडोपाडी लागलेली असतात. या हंगामात ‘आजची तरुणाई आणि व्यसनाधीनता’ या विषयाला मरण नाही. लैंगिकताही त्यात येते, पण ‘चारित्र्य’ या नावाचे सोवळे नेसून. या साऱ्यामागे एक पक्का समज असतो, तो असा की वक्ता दमदार असला, पडद्यावर सडलेल्या जबड्यांची चित्रे दाखवली आणि शेवटी उजवा हात पुढे करून सामूहिक शपथ घेतली, की सभागृह व्यसनमुक्त होते. दुसऱ्या दिवशी शपथेची बातमी छापून येते. शपथ घेणाऱ्यांपैकी कितींनी पुडी सोडली, हे विचारायला मात्र कोणी परत जात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने जागतिक आरोग्य संघटनेसह २०१८ मध्ये व्यसन-प्रतिबंधाच्या, म्हणजे व्यसन लागण्याआधी करावयाच्या कामाच्या, आंतरराष्ट्रीय मानकांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. शाळांमधील कोणते उपक्रम निष्फळ किंवा उलटे ठरतात हेही तीत नोंदवले आहे: व्याख्यान हीच मुख्य पद्धत असणे, भीती उत्पन्न करणारी माहिती देणे, पूर्वाश्रमीच्या व्यसनी व्यक्तींचे अनुभवकथन ठेवणे आणि पोलिसांकडून प्रबोधन करवणे. इकडची कार्यक्रमपत्रिका याहून फारशी वेगळी नसते. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकारी वर्गावर्गांत जाऊन ‘डेअर’ नावाचा असाच उपक्रम चालवीत होते. त्याच्या वारंवार झालेल्या मूल्यमापनांत व्यसनांवरील परिणाम नगण्य आढळला आणि अखेर तो अभ्यासक्रम बदलावा लागला.

भीती निरुपयोगी का ठरते, हे समजायला परदेशात जाण्याची गरज नाही. पडद्यावर दिसतो तो कर्करोगाचा शेवटचा टप्पा, आणि सतरा वर्षांच्या मुलाला पानठेल्यावर रोज भेटतो तो तीस वर्षे तंबाखू-चुना मळूनही धडधाकट असलेला काका. दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे तो मुलगा क्षणात ठरवतो आणि वक्त्याचे खरे बोलणेही खोट्यात जमा करतो. याच मुलाला आज, स्वतःच्या तोंडात पाहता येईल असे लक्षण सांगणारा वक्ता विरळा. निरोगी माणसाच्या उघडलेल्या तोंडात समोरच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सुपारी आणि खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडातील आतली त्वचा हळूहळू ताठर होते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दुसरे बोटही आत जाताना अडले, तर त्या मुलाला वेगळ्या चित्राची गरज उरत नाही. उलट बहुतेक वक्ते सिगारेटने काळवंडलेली फुप्फुसे दाखवण्यात गुंग असतात; वास्तविक २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. प्रबोधन करायचे ते निदान योग्य व्यसनाविरुद्ध तरी करावे.

यावर ‘मग गाडगेबाबांनी कीर्तनांतून गावे कशी बदलली?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्याच्या बाजूचा नाही. गाडगेबाबा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. तो एकतर्फी उपदेश नव्हे, संवाद होता. वारकऱ्यांची माळ घातल्यावर दारू सुटल्याची उदाहरणेही खरी असतात, मात्र त्या माळेमागे दर पंधरवड्याची एकादशी, गावचे भजनी मंडळ आणि शेगावहून पंढरपूरला निघणारी पालखी असते, म्हणजेच माणसाला धरून ठेवणारी नवी संगत असते. शपथ देऊन गाडीत बसणाऱ्या पाहुण्या वक्त्याजवळ यातले काहीच नसते.

दारूच्या बाबतीत तर ही शपथ धोक्याचीही ठरू शकते. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर काही तासांतच कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दोन ते चार दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स ही भ्रमावस्था उद्भवू शकते, जी उपचारांविना जिवावर बेतते. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडायला सांगणे, एवढे एक वाक्य टाळ्यांच्या वाक्यांपुढे राहून जाते. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांकही फलकावर क्वचितच दिसतो. अनुभवकथनाबाबत एक भेद मात्र करायला हवा. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले लोक समुपदेशक म्हणून काम करतात आणि तेथे ते मोलाचे आहे, कारण ऐकणारा उपचार घेत असतो. व्यसन न लागलेल्या मुलांना त्याच कहाणीतून ‘पिऊनही शेवटी सुटता येते’ एवढाच बोध होऊ शकतो.

‘चारित्र्य’ या भागात तर वक्तेच गैरसमज पेरतात. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या चाळीस थेंबांपासून, वक्त्याच्या उत्साहानुसार शंभर थेंबांपासून, बनतो हे विधान निखालस खोटे आहे. वीर्याचा बहुतांश भाग वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांच्या स्रावांचा असतो, शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प असतो आणि हे उत्पादन सतत चालू राहते. या भीतीने थकवा, चिंता आणि ‘धातू जातो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. व्याख्यानात घाबरलेला मुलगा मग बसस्थानकाच्या भिंतीवरील ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातीकडे वळतो, जरी असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई असली आणि किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असले तरी.

‘उघड बोलले की पोरे बिघडतात’ हा समज र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले तेव्हाही होता, त्यातील लिखाणासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते; तरीही २००७ मध्ये राज्याने शाळांतील लैंगिकता शिक्षण थांबवले. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतील पुरावा सांगतो, की अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढत नाहीत.

किरकोळ समज थोडक्यात पाहता येतील. नुसती सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवले आहे. बिअरमध्येही दारूच असते. मिश्रीने दात बळकट होत नाहीत, कारण ती भाजलेली तंबाखूच असते. आणि ‘मुलींसमोर लैंगिकतेचा विषय नको’ म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) पाहावी, जिच्यानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच लावून दिलेले होते.