एक पाय आत, तर वाचलात!

धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत पळणाऱ्याचे दोन्ही पाय हद्दीबाहेर गेले की तो बाद. एक पाय आत टेकलेला असला तर वाचला.

डिस्क गोल्फ या खेळात चकती साखळ्यांच्या टोपलीत टाकायची असते. अमेरिकेत रॉक हिलच्या विन्थ्रॉप मैदानावर सतरावी टोपली बेटावर आहे. पाणी नाही, भोवतीची जमीनच हद्दीबाहेर! इथेही तोच न्याय: चकतीचा थोडासा भाग रेषेच्या आत असला तरी ती आत. पूर्ण बाहेर गेली की एका फेकीचा दंड.

अशा बेटावर चकती थांबेल का, हे फेकीवर ठरतं. वेगात, सपाट आलेली चकती कडक मातीवरून घसरत निघून जाते. उंच जाऊन वेग संपवून उतरलेली चकती बहुधा जागीच बसते. अंगणात फक्कीचं वर्तुळ आखा आणि मुलांना दोन्ही तऱ्हांनी त्यात चकती फेकायला सांगा.