सळईतल्या लोखंडाचं गणित

जालन्याच्या कारखान्यांतल्या सळया भरून बीडकडे निघालेले ट्रक शहागडला गोदावरीचा पूल ओलांडतात. त्या सळईतलं लोखंड चुंबकाला का चिकटतं, किती ताणलं की तुटतं, हे अणूंपासून गणिताने काढायचं शास्त्र म्हणजे सैद्धांतिक आणि संगणकीय पदार्थभौतिकी. बी.एस्सी.नंतर यातच जायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो: कागदावरच्या शास्त्राचा उपयोग काय?

२०१४मध्ये चीनमधल्या संशोधकांनी नुसत्या आकडेमोडीतून सांगितलं, की गंधक-हायड्रोजनचं एक संयुग प्रचंड दाबाखाली उणे ७०-८० अंश सेल्सियसलाच अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारं, होईल. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या प्रयोगात ते उणे ७० अंशांना झालं. गणित आधी, प्रयोग नंतर.

घरच्यांच्या या शंकेच्या उलटा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: सगळं संगणकच करतो, आपण फक्त बटण दाबायचं. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र माग काढायला गेलं तर जगातला कुठलाच संगणक पुरणार नाही. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५मध्ये दाखवलं, की इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत एवढं कळलं तरी पदार्थाची ऊर्जा काढता येते. त्यासाठी कोन यांना १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या सूत्रातला एक भाग नेमका कुणालाच ठाऊक नाही. तिथे अंदाज धरावा लागतो. सगळ्यात साधा अंदाज धरला तेव्हा लोखंडाचंच उत्तर चुकलं. हिशेबात ते चुंबकीय नव्हतं आणि अणूंची मांडणीही भलतीच निघाली! अंदाज सुधारल्यावर चुंबकत्व परत आलं. दोन्ही वेळा संगणकाने बेरीज-वजाबाकी बिनचूकच केली होती. चूक धरली ती भौतिकी जाणणाऱ्या माणसांनी.

महासंगणक दारात लागतो, हेही खरं नाही. क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सिलिकॉनचं छोटं गणित साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. मोठ्या कामासाठी पुण्याच्या आयसरमध्ये २०१९पासून परम ब्रह्म हा महासंगणक आहे. संस्थेचं खातं असलं की काम दुरूनही पाठवता येतं. परदेशीच राहावं लागतं असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले उमेश वाघमारे येलहून पीएच.डी. करून आले, बंगळुरूत याच विषयात काम केलं आणि २०१०मध्ये भटनागर पुरस्काराचे मानकरी ठरले.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी.साठी शेत विकावं लागत नाही. पण पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक. कायम नोकरी तिशी उलटल्यावर, आणि तीही जागा निघाल्या तर. हे आई-वडिलांना आधीच सांगावं. आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच रेषीय बीजगणित, लिनक्स आणि पायथन हाताखालून घालावं. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचा अभ्यास त्याच्यासोबतच चालतो.