पाळीचें घड्याळ आणि पांच वेळांचा नमाज

वर्धा नदीजवळचें घुग्घुस हें वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचें गांव. येथील दिवस सूर्यावरून नव्हे, पाळीवरून मोजला जातो. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन पाळ्यांभोंवतीं कामकऱ्याची झोंप, जेवण व मुलांची भेट फिरत असते. अशा गांवीं सूर्याच्या गतीशीं बांधलेला नमाज मुसलमान कामकऱ्यानें नित्य कसा पाळावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस परका वाटूं नये. कचेरीच्या वेळेपायीं ज्या घरांतून संध्यावंदन उठलें, त्यांस तो सहज समजेल.

‘नमाज’ हा शब्द फारशी असून त्याचें मूळ आपल्या ‘नमस्’शीं जुळतें. फजर पहांटे, जुहर मध्यान्ह कलल्यावर, असर दिवस उतरतां, मगरिब सूर्यास्तानंतर व इशा रात्रीं. पांचांच्या आवश्यक रकाती मिळून १७. एकेका वेळेस लागणारा काळ थोडाच. कठीण आहे तें सातत्य. दुपारच्या पाळीवर मगरिब हटकून कामांत सांपडतो. त्याचा अवधि संधिप्रकाश मावळेपर्यंत, म्हणजे सुमारें सवा तासाचा. आणि चंद्रपुराकडे सूर्यास्त डिसेंबरांत साडेपांचच्या सुमारास, तर जूनमध्यें सातांच्या किंचित् आधीं होतो. घड्याळांतील ठराविक सुटी वर्षभर कशी पुरावी? रात्रपाळीस तर अंग अगदीं गळालेलें असतांना फजर येतो.

शिवाय काजळी! कपडे काळे झाले, आतां घरीं जाऊन पाहूं, असें म्हणतां म्हणतां पुष्कळांचा नेम सुटतो. येथें शास्त्र माणसाहून उदार आहे. रक्त, मूत्र इत्यादि त्यानें अपवित्र मानलें; कोळशाची धूळ हा मळ खरा, पण ती अपवित्र नव्हे. तोंड, कोपरापर्यंत हात व घोट्यापर्यंत पाय धुऊन ओला हात डोक्यावरून फिरविला कीं ‘वुजू’ झाला. पाणी न मिळेल तर स्वच्छ मातीनें ‘तयम्मुम’. आजाऱ्यानें बसून, तेंही न साधल्यास निजून पढावें.

झोंपेनें वा विस्मरणानें वेळ टळली तर आठवतांच तो नमाज ‘कजा’ म्हणून पढतात. आपल्याकडेही संध्येचा काळ चुकल्यास एक जादा अर्घ्य देण्याची चाल आहेच. पतंजलींनीं अभ्यासास दीर्घकाळ, अखंडता व आदर हीं अंगें सांगितलीं. आमच्या मतें ‘कजा’ची तजवीज त्यांतील अखंडतेचेंच रक्षण करते. एक चुकला तर आतां शुक्रवारींच पाहूं, हा विचार मात्र आठवडेच्या आठवडे गिळतो.

एकत्र कुटुंबास हा भार वांटून घेतां येतो. रात्रपाळीहून येऊन निजलेल्यास जुहरला उठवावें. पाळी बदलली कीं वेळापत्रकावर नव्या खुणा मुलांकडून करवाव्या. सातव्या वर्षापासून मुलांस नमाज शिकविण्याची परंपरा आहे, तेव्हां त्या निमित्तानें त्यांसही वेळा पाठ होतील. फजरला हांक मारण्याचें काम घरांतील म्हाताऱ्यांकडे द्यावें; आम्हां म्हाताऱ्यांस पहांटे झोंप नसतेच.